रिपोर्टात एस ३६ टक्के आलंय, म्हणजे मी ३६ टक्के आजारी आहे का?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

लिहिणारी मुलगी २६ वर्षांची, विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावची, पतसंस्थेत नोकरी करते. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, त्याला सिकलसेल (आईबाबांकडून येणारा रक्ताचा आजार) आहे, एसएस पॅटर्न. हिचं लग्न जमलंय, साक्षगंध दोन महिन्यांवर आलंय. तेवढ्यात गावात तपासणी शिबिर झालं, तिथे आधी 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' आलं, मग एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट आला: एएस पॅटर्न, हिमोग्लोबिन ए ५८ टक्के, हिमोग्लोबिन एस ३६ टक्के. एकूण हिमोग्लोबिन ९.४. आई म्हणते आत्ता कुणाला सांगू नको, लग्न झाल्यावर बघू. आजी अजूनही म्हणते की हे सगळं सुनेच्या माहेरचं रक्त. आई स्वतःलाच दोष देते, कारण भाऊ उष्टावणापर्यंत गुटगुटीत होता आणि त्यानंतरच हातपाय सुजायला लागले. मावशीने "शरीरातलं प्रोटीन बिघडलंय ना, मग हे घे" म्हणून प्रोटीन पावडरचा डबा आणून दिलाय. भावाने 'कॅन्सरची गोळी आहे' असं कुणाकडून तरी ऐकून त्याची रोजची गोळी बंद केलीय. तिचा प्रश्न: "मी ३६ टक्के आजारी आहे हे लपवलं तर फसवणूक, सांगितलं तर लग्न मोडणार. काय करू?"

उत्तर:

तुझं पत्र तीनदा वाचलं गं. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं की प्रश्न सांगावं की न सांगावं एवढाच आहे, पण नंतर लक्षात आलं की तू ज्याची कबुली द्यायला निघालीयेस ते मुळात झालेलंच नाहीये. तू आजारी आहेस हे तू धरून चालली आहेस. म्हणून आधी त्या ३६ आकड्याबद्दल बोलू, कारण तो नीट कळला नाही तर तू मुलाकडच्यांपुढे मान खाली घालून बसशील आणि समोरचे तुझ्या चेहऱ्यावरूनच ठरवतील की काहीतरी भयंकर आहे.

मी बरीच वर्षं कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली. प्रोटीनचा धडा आला की मुलं चार पातळ्या पाठ करायची, प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक, चतुर्थक, आणि परीक्षा झाली की विसरून जायची. पण विदर्भातल्या वर्गात दरवर्षी एकतरी मुलगा किंवा मुलगी असायचीच जी तास संपल्यावर थांबायची आणि हळूच विचारायची, मॅडम, हे सिकलसेलचंच ना, आमच्या घरी आहे. मग मी तोच धडा परत सांगायचे, वेगळा. तसाच तुला सांगते.

हिमोग्लोबिन हे एक प्रोटीन आहे. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची एक लांब साखळी, आणि ती साखळी नुसती लोंबकळत राहत नाही, स्वतःभोवती वळून घडी घालून बसते, आणि जी घडी बसते तिच्यावरच ते प्रोटीन काय काम करणार हे ठरतं. (साखळी कुठल्या कोनातून वळू शकते आणि कुठल्या कोनातून वळूच शकत नाही याचा नकाशा आपल्या मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडला, जगभरच्या लॅबमध्ये आजही रामचंद्रन प्लॉट म्हणूनच वापरतात, मला हे सांगताना दरवेळी छान वाटतं.) हिमोग्लोबिनमध्ये अशा चार साखळ्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फात १४१ अमिनो ॲसिड, बीटात १४६. प्रत्येक साखळीच्या खोबणीत हीम नावाचा एक छोटा रेणू, त्यात लोखंडाचा एक अणू, आणि ऑक्सिजन त्या लोखंडाला धरून बसतो. फुप्फुसात एका साखळीने ऑक्सिजन पकडला की अख्ख्या प्रोटीनचा आकार किंचित सरकतो आणि बाकीच्या तिघींना पकडणं सोपं जातं. स्नायूंकडे गेल्यावर उलटं, एकीने सोडला की बाकीच्याही सोडतात. म्हणजे हे प्रोटीन दिवसभर आकार बदलत असतं, एक ऑक्सिजन घेतलेला आणि एक सोडलेला. हे लक्षात ठेव, पुढे सगळं यावरच आहे.

आता बीटा साखळी सुरुवातीपासून वाचू. व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक ॲसिड, परत ग्लुटामिक ॲसिड, लायसिन, असं करत १४६ पर्यंत. यातलं सहावं, म्हणजे पहिलं ग्लुटामिक ॲसिड, त्याच्या जागी व्हॅलिन आलं की झालं हिमोग्लोबिन एस. सातवं जसंच्या तसं. बाकी सगळं जसंच्या तसं. (जेनेटिक रिपोर्ट काढलास तर तिथे 'सातव्या जागी बदल' असं दिसेल, कारण ते लोक साखळी बनताना सुरुवातीला लागणारं आणि नंतर गळून जाणारं मेथिओनिनही मोजतात. बदल तोच आहे, दुसरा काही नवीन आजार निघाला असं समजू नको.)

एका अमिनो ॲसिडने एवढं काय होतं? ग्लुटामिक ॲसिडवर विजेचा ऋण भार असतो, त्याला पाणी आवडतं, ते प्रोटीनच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात निवांत बसतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं. आपल्याकडे रश्श्यावर तर्री येते ना, तेलाचे थेंब आधी सुटे सुटे असतात, चमच्याने जरा हलवलं की दोन थेंब जवळ येतात आणि टचकन एक होतात, पाण्यापासून अंग चोरायला. प्रोटीन घडी घालतं तेव्हा असे तेलकट भाग बहुतेक आत दडवून ठेवतं. पण हे सहावं व्हॅलिन नेमकं बाहेर, उघड्यावर आलंय. आणि हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याच्या बदललेल्या आकारात बीटा साखळीवर एक तेलकट खळगा उघडा पडतो, शेजारच्या हिमोग्लोबिनचं व्हॅलिन जाऊन त्यात बरोबर बसतं. एकाला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, असं करत दोर वळल्यासारखी चौदा पदरांची लांब कडक काडी तयार होते, आणि लाल पेशीच्या आत अशा काड्या झाल्या की गोल लवचिक पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी होते. बारीक रक्तवाहिनीत ती अडकते. तुझ्या भावाला जे दुखतं ना, रात्र रात्र तळमळतो, ते हेच. आणि पेशी लवकर फुटतात, नेहमीची लाल पेशी जवळजवळ १२० दिवस जगते, या १० ते २० दिवसांत संपतात, म्हणून डोळे पिवळे आणि रक्त कमी.

आता तुझा ३६. तुला आईबाबांपैकी एकाकडून ए ची, म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनची, कृती मिळाली आणि दुसऱ्याकडून एस ची. शरीर दोन्ही वाचतं आणि दोन्ही बनवतं. म्हणून तुझ्या प्रत्येक लाल पेशीत दोन्ही प्रकार एकत्र आहेत, असं नाही की ३६ टक्के पेशी वाईट आणि बाकीच्या चांगल्या. एका पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन असतात, त्यातले एस वाले एकमेकांना शोधायला लागले तरी मधे मधे ए वाले येतात आणि ए ची बीटा साखळी ती कडी पुढे जाऊ देत नाही. आणि हे काड्या होणं लगेच सुरू होत नाही, त्याला आधी थोडा वेळ लागतो. तुझ्या बाबतीत तो वेळ इतका लांबतो की तोवर पेशी फुप्फुसात पोचून परत ऑक्सिजन घेते आणि खळगा मिटतो. म्हणजे तुझ्यात अर्धा आजार चालू आहे असं नाहीये, ज्या काडीने आजार होतो ती काडी तुझ्यात रोजच्या जगण्यात तयारच होत नाही. 'हाफ सिकल' असं लोक सर्रास म्हणतात, मला तो शब्द अजिबात आवडत नाही. वाहक म्हण, एएस म्हण.

आणि ५० का नाही, ३६ च का, हेही तुला वाटलं असेल. अल्फा साखळ्यांना ए ची बीटा साखळी जास्त पटकन धरता येते, एस चा ऋण भार कमी झालेला असतो म्हणून तो जरा मागे पडतो. वाहकांमध्ये एस साधारण ३५ ते ४० च्या आसपास सापडतं, आणि अंगात लोह कमी असेल तर अजून खाली. महत्त्वाचं हे की तुझ्या रिपोर्टात ए जास्त आहे आणि एस कमी. हा क्रम उलटा असता, एस जास्त आणि ए कमी, तर मी तुला थॅलेसेमियाचीही (हिमोग्लोबिनच्या साखळ्या कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) शंका घ्यायला सांगितली असती.

सोल्युबिलिटीबद्दलही सांगते, कारण शिबिरातून घरी येताना लोक त्या एका शब्दाने अर्धमेले होतात. ती टेस्ट मी वर्गात दाखवायचे. छोट्या नळीत एक द्रावण असतं, ते पेशी फोडतं आणि हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेतं. त्यात रक्ताचा थेंब टाकायचा, पाच एक मिनिटं थांबायचं, आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. साधं रक्त असेल तर नळीतून रेघा स्वच्छ दिसतात. एस असेल तर नळी गढूळ होते आणि रेघा गायब. बस, एवढंच. एस आहे की नाही हे कळतं, एएस आणि एसएस यातला फरक त्या नळीला कळत नाही, तुझी नळीही गढूळ आणि भावाचीही गढूळ. म्हणून नुसत्या 'पॉझिटिव्ह'वर कुणीही काहीही ठरवू नये, पुढचा रिपोर्ट येईपर्यंत थांबावं. तुझा पुढचा रिपोर्ट आलाय. आणि ज्या विचारावर तो उभा आहे तो १९४९ सालचा, लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा दाखवलं की सिकल रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं, आणि वाहकांमध्ये दोन्ही सापडतात. रोगाचं मूळ एका रेणूच्या रचनेत आहे हे पहिल्यांदा तिथे दिसलं. नेमकं कुठलं अमिनो ॲसिड बदललंय हे व्हर्नन इन्ग्रामने केंब्रिजमध्ये १९५६-५७ च्या सुमारास शोधलं.

मग तुझं हिमोग्लोबिन ९.४ का? तू पत्रात लिहिलंयस की जिना चढताना दम लागतो, केस गळतात, आणि 'सिकलमुळे असेल'. इथे मला तुझ्याशी जरा भांडायचंय. एएस असल्यामुळे सहसा हिमोग्लोबिन एवढं खाली येत नाही. तुझ्या वयाच्या मुलीत ९.४ दिसलं की आधी लोहाची कमतरता शोधायची, पाळीत जास्त जातं का, जेवणात काय आहे, जेवल्या जेवल्या चहा घेतेस का. डॉक्टरांना सांगून फेरीटीन, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती आहे ती तपासणी, करून घे. सिकलवर ढकललं की साधा इलाज होणारी गोष्ट वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि पुढे बाळंतपणात तीच अंगाशी येते. फक्त एक, तुला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्यातल्या भावाला देऊ नको. त्याचं रक्त वेगळ्या कारणाने कमी आहे, रक्त चढवलेलं असेल तर अंगात लोह आधीच जास्त असू शकतं, त्याचं त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

मावशीच्या डब्याचं. मावशीचा जीव आहे तुझ्यावर, ते कळतं. पण खाल्लेलं प्रोटीन जसंच्या तसं रक्तात जाऊन बसत नाही. डाळ असो, अंडं असो की ती पावडर, पोटात आणि आतड्यात त्याची साखळी तुटून सुटी अमिनो ॲसिड होतात, आणि मग तुझं शरीर ती स्वतःच्या कृतीप्रमाणे परत ओवतं. कृती डीएनएत आहे. तिथे जीएजी या तीन अक्षरांच्या जागी जीटीजी लिहिलंय, एक अक्षर, म्हणून सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन ओवलं जातं. तू कितीही महागाचं प्रोटीन खाल्लंस तरी सहाव्या जागी तेच बसणार. जेवण चांगलं हवंच, वरणभात, भाजी, अंडी, शेंगदाणे, पण पौष्टिक म्हणून, सिकल दुरुस्त करायला म्हणून नाही. डबा परत करता येत असेल तर कर, ते पैसे फेरीटीनला लागतील.

आता आजीचं म्हणणं, 'सुनेच्या माहेरचं रक्त'. तुझा भाऊ एसएस आहे. एसएस व्हायला एक एस आईकडून लागतं आणि एक बाबांकडून. दोघांकडून आल्याशिवाय एसएस होतच नाही. म्हणजे तुझे आई आणि बाबा दोघेही किमान वाहक आहेत, जेवढं माहेरचं तेवढंच सासरचं. हे तू आजीला भांडून सांगू नको, पण आईला नक्की सांग, कागदावर काढून दाखव. एकोणीस वर्षं ती बाई हे ऐकत आलीय. आणि हेही सांग की ज्या भागात पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हे एस टिकून राहिलं, कारण वाहक असलेली मुलं मलेरियाच्या जीवघेण्या तडाख्यातून जास्त वाचायची. ॲंथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. तुमच्या घराण्यात कुणी पाप केलं म्हणून हे आलेलं नाही, आणि हे एका कुठल्या जातीचं किंवा समाजाचं दुखणंही नाही, विदर्भात आदिवासी समाजांत आहे, दलित समाजांत आहे, ओबीसींत आहे.

उष्टावणाचं वाचून मला खरंच गलबलून आलं. आईला वाटतं तिने खिरीचा पहिला घास भरवला आणि तिथून मुलगा बिघडला. तिला सांग की पोटात असताना आणि जन्मल्यानंतर काही महिने बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, त्याला हिमोग्लोबिन एफ म्हणतात. त्यात बीटा साखळी नसतेच, तिच्या जागी गॅमा साखळी असते. म्हणजे सहाव्या जागेचा प्रश्नच नाही, आणि एफ मधे असलं की एस च्या काड्याही होत नाहीत. जन्मानंतर गॅमा हळूहळू बंद होतं, बीटा सुरू होतं, आणि सहा महिन्यांच्या आसपास एफ कमी होऊन एस वर येतं. हातापायाची बोटं सुजणं हे बऱ्याच बाळांमध्ये पहिलं लक्षण असतं, आणि ते नेमकं त्याच सुमाराला दिसायला लागतं ज्या सुमाराला आपल्याकडे उष्टावण करतात. दोन गोष्टी एका वेळी आल्या एवढंच. खिरीचा काही दोष नव्हता, आईचा तर नाहीच नाही.

आणि याच एफ शी भावाच्या गोळीचा संबंध आहे. ती हायड्रॉक्सीयुरिया असणार. हो, ती काही रक्ताच्या कॅन्सरमध्येही वापरतात, हे त्याने ऐकलं ते खोटं नाही. पण सिकलसेलमध्ये ती वेगळ्या कामासाठी देतात, तिच्यामुळे मोठेपणीही एफ परत वाढतं, आणि एफ वाढलं की काड्या कमी, दुखणं कमी, दवाखान्याच्या चकरा कमी. तिच्यावर असताना ठराविक दिवसांनी रक्ताची तपासणी करावी लागते हे खरं, पेशी फार कमी तर होत नाहीत ना ते बघायला. मनाने बंद करू नये आणि मनाने परत सुरूही करू नये, या आठवड्यात त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट सांगा की इतके दिवस बंद होती. त्याला ताप आला तर घरी वाट बघायची नाही, सरळ दवाखाना, कारण सिकलमध्ये प्लीहा लहानपणापासून निकामी होत जाते आणि जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो. पाणी भरपूर, थंडीत अंगभर कपडे. पाणी कमी पडलं की पेशी आतून आटते, हिमोग्लोबिन दाटीने जवळ येतं, आणि जराशी दाटी वाढली तरी काड्या व्हायला लागणारा वेळ प्रचंड कमी होतो, 'पाणी पी रे' असं आई जे दिवसभर म्हणते त्याला एवढं मोठं कारण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र काढलंय का तेही बघा.

आता तुझं लग्न.

आई म्हणते तसं लग्नानंतर सांगण्याने काय होईल ते बघ. दिवस गेले की सुरुवातीलाच डॉक्टर तपासण्या लिहितील, त्यात हे निघेलच. मग धावपळ करून नवऱ्याची तपासणी, तो रिपोर्ट यायला वेळ, आणि तोही वाहक निघाला तर पोटातल्या बाळाची तपासणी साधारण दहा ते बारा आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन किंवा पुढे पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भजलातून करतात, त्यासाठी मोठ्या सेंटरला जायचं. तेव्हा घरात सगळ्यात आधी भांडण कशाचं होणार, तर 'तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस' याचं. ज्या दिवसांत दोघांनी एकमेकांचा हात धरायचा त्या दिवसांत हे. आईची भीती मला कळते, तिने मुलगा सांभाळलाय, लेकीचं लग्न मोडलेलं तिला बघवणार नाही. पण मी आईच्या बाजूने नाही.

तुझ्याही बाजूने पूर्ण नाही, कारण तू हे कबुलीसारखं सांगायचं म्हणतेयस. तुझ्या एकटीच्या रिपोर्टमधून पुढच्या मुलांबद्दल काहीच ठरत नाही. तो एए असेल तर तुमचं कुठलंच मूल एसएस होणार नाही, प्रत्येक वेळी निम्मी शक्यता एए ची आणि निम्मी तुझ्यासारखं एएस असण्याची. तो एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता एसएस ची, ५० टक्के एएस, २५ टक्के एए. प्रत्येक वेळी नव्याने. 'चारातलं एकच होतं, आमचं झालं, आता पुढचं बरं' असा हिशेब लावून दुसरं एसएस मूल झालेली घरं आहेत. म्हणजे खरा अडलेला रिपोर्ट त्याचा आहे, तो अजून झालेलाच नाही.

म्हणून आधी मुलाशीच बोल, मोठ्यांची बैठक नंतर. फोनवर नको, भेटून, आणि रिपोर्ट बरोबर ने. काहीसं असं बोल: "माझा भाऊ सिकलसेलचा पेशंट आहे हे तुला माहीत आहे. मी तपासणी केली, मी वाहक आहे, मला आजार नाही. तुझीही तपासणी साक्षगंधाच्या आधी करून घेऊ, म्हणजे पुढे मुलांचा विचार करताना दोघांना माहीत असेल." माफी मागू नको, रडू नको असं म्हणत नाही, आलं तर येऊ दे, पण 'माझ्यात दोष आहे' हे वाक्य तोंडातून काढू नको.

त्याला सांगताना एचपीएलसीच करायला सांग. नुसती सोल्युबिलिटी करून 'निगेटिव्ह' म्हणून तो परत आला तर पुरेसं नाही, त्या नळीला फक्त एस दिसतं. तो थॅलेसेमियाचा वाहक असेल किंवा हिमोग्लोबिन डी, ई असे दुसरे प्रकार असतील तर नळी स्वच्छच राहील, पण त्यातल्या काहींची तुझ्या एस शी जोडी जमली तर मुलाला सिकलसारखाच आजार होऊ शकतो. गेल्या तीन महिन्यांत त्याला रक्त चढवलं असेल तर तेही लॅबला सांगायचं, दुसऱ्याचं हिमोग्लोबिन मोजलं जाऊन रिपोर्ट फसतो. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची मोफत तपासणी आहे, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी चौकशी करा, नाहीतर खासगी लॅब.

तो वाहक निघाला तर? मला विचारशील तर साक्षगंध थोडं पुढे ढकला आणि दोघं मिळून समुपदेशकाकडे जा, दोघं, आईवडील बाहेर बसू देत. काही जोडपी तिथून वेगळी होतात, काही लग्न करतात आणि गरोदरपणात तपासणी करायचं ठरवतात, काही मूल दत्तक घ्यायचं म्हणतात, काहींना टेस्ट ट्यूबमध्ये गर्भ तपासून घेणं परवडतं. तू एसएस भावाबरोबर वाढलीयेस, त्याचं दुखणंही बघितलंयस आणि त्याचं हसणंही, त्यामुळे तुझ्यासाठी हा निर्णय कुणाही बाहेरच्या माणसापेक्षा जास्त अवघड असेल, आणि त्याची घाई मी करणार नाही.

आणि तो एए निघाला, तरी घरच्यांनी 'रक्तात खोट आहे' म्हणून नाही म्हटलं तर? मग निदान हे तुला कळलेलं असेल की अडचण तुझ्या हिमोग्लोबिनची नव्हती. वाईट वाटेल, खूप वाटेल. पण भाऊ आजारी असताना ज्या घराने तुला माहेरी येऊ दिलं नसतं, त्या घरात जाण्याआधी कळलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्यासारख्या बाकीच्या वाहक वाचकांसाठी एक. रोजचं जगणं अगदी इतरांसारखं, पण भर उन्हात जीव तोडून पळणं, जसं पोलीस भरतीच्या तयारीत मुलंमुली करतात, तिथे जपा. सराव हळूहळू वाढवा, पाणी पीत रहा, पायात गोळे येऊन अंग गळून गेल्यासारखं वाटलं तर तिथल्या तिथे थांबा आणि ट्रेनरला सांगा की वाहक आहे. लघवीत रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. बाळंतपणाच्या आणि ऑपरेशनच्या वेळी सांगून ठेवा.

तुला करायचं त्याचा क्रम सांगते. उद्या भावाच्या गोळीसाठी डॉक्टरांची वेळ घे, त्याच वेळी स्वतःचं फेरीटीन करून घे. रविवारी मुलाला भेट. पण त्याआधी, शक्य तर आज रात्रीच, जेवणं झाल्यावर आईजवळ बस आणि तिला त्या खिरीचं सांग.